‘डी’ ड्राइव्हचा खोटा दिलासा

घरातल्या कॉम्प्युटरला फॉरमॅट मारायची वेळ आली किंवा नवा लॅपटॉप आला, की एक सल्ला हमखास कानावर पडतो. डिस्कचे दोन-तीन भाग करून घ्या, ‘सी’मध्ये फक्त विंडोज राहू द्या आणि आपलं जे काही असेल ते ‘डी’मध्ये टाका. ‘‘काका, सी उडालं तरी डी सेफ राहतं,’’ असं दुरुस्तीला आलेला मुलगा ठामपणे सांगतो. ऑफिसातला जाणकार सहकारी तेच सांगतो, कॉम्प्युटर क्लासमध्येही तेच शिकवलं जातं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून घेत, त्या काळापासून हा सल्ला मराठी घरांत मुरला आहे. कित्येक घरांनी तर पुढची पायरीही गाठलेली असते. डिस्कचा तिसरा भाग ‘ई’ असतो आणि त्याला नाव दिलेलं असतं ‘बॅकअप’.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याबद्दल वाद नाही. वाद सल्ल्याशी आहे. आजच्या घरगुती कॉम्प्युटरला तो लागू पडत नाही, आणि त्यातला सुरक्षिततेचा भाग तर साफ चुकीचा आहे. पार्टिशन म्हणजे जागेची वाटणी. वाटणी केल्याने एकाही फाइलची दुसरी प्रत तयार होत नाही. मुलांचे लहानपणीचे फोटो, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन, वडिलांच्या आजारपणातले रिपोर्ट हे सगळं ‘डी’मध्ये नेऊन ठेवलं, तरी प्रत एकच राहते आणि ती त्याच डिस्कवर राहते. तरीही ‘डी’मध्ये टाकल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि खरा बॅकअप घ्यायचं राहून जातं. या सल्ल्याने केलेलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे.

वाटणी म्हणजे नेमकं काय, ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला पाहायला मिळतं. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटमध्ये कॉम्प्युटर सुरू करण्यासाठीचा छोटा प्रोग्राम असतो, शेवटच्या २ बाइटमध्ये एक ठरलेली खूण असते आणि मधल्या ६४ बाइटमध्ये चार नोंदी असतात, प्रत्येकी १६ बाइटची. हा भाग अमुक सेक्टरपासून सुरू होतो, इतके सेक्टर लांब आहे आणि अमुक प्रकारचा आहे, एवढाच एका नोंदीचा मजकूर. ‘सी’ला ‘डी’पासून वेगळं करणारं जे काही आहे ते हे आकडे. नव्या जीपीटी पद्धतीत सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पण ती प्रत तक्त्याची असते, फोटोंची नव्हे.

मग इतक्या लोकांनी इतकी वर्षं हा सल्ला का पाळला? कारण एके काळी तो बरोबर होता.

१९८३मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २.०मध्ये पार्टिशनचा हा तक्ता आला. त्या डॉसला एका भागात ३२ एमबीपेक्षा जास्त जागा हाताळता येत नसे. ४० एमबीची डिस्क घेतली, तर तिचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९८७च्या डॉस ३.३मध्ये एक्स्टेंडेड पार्टिशनची सोय झाली ती याच अडचणीपोटी. पुढे ही मर्यादा २ जीबीपर्यंत गेली, पण तोवर डिस्कही वाढल्या होत्या. मूळ विंडोज ९५ असलेल्या कॉम्प्युटरला ६.४ जीबीची डिस्क लावली, तर तिचे किमान तीन भाग करावेच लागत.

त्यात आणखी एक गोम होती. फॅट-१६ ही फाइल सिस्टिम जागेचे जे ठोकळे करी, ते पार्टिशन मोठं केलं की मोठे होत. १ ते २ जीबीच्या भागात एक ठोकळा ३२ केबीचा असे, २५६ ते ५१२ एमबीच्या भागात तो ८ केबीचा होई. दोन केबीची चिठ्ठी साठवली तरी ती आख्खा ठोकळा अडवून बसे. अशा हजार चिठ्ठ्या असतील, तर मजकूर दोनच एमबीचा असूनही मोठ्या पार्टिशनवर त्या ३२ एमबी खात आणि लहानावर ८. त्या काळी डिस्कवरचा एकेक एमबी मोलाचा होता. छोटे भाग पाडणारा माणूस खरोखर जागा वाचवत होता.

शिवाय विंडोज ९८ वारंवार कोसळे. लाइट गेली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू होई आणि फाइलींचे बेवारस तुकडे गोळा करी. बाहेरची हार्ड डिस्क घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात नव्हती, पेन ड्राइव्ह यायचा होता, सीडी रायटर मोजक्यांकडे होता. विंडोज पुन्हा टाकायची तर ‘सी’ पुसण्यापलीकडे फारसा इलाज नसे, आणि फाइली वाचवायला त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या भागाशिवाय जागा नसे. २६ एप्रिल १९९९ला सीआयएच नावाच्या व्हायरसने डिस्कच्या सुरुवातीचा १ एमबी शून्यांनी भरून टाकला, तेव्हा पार्टिशनचा तक्ता गेला तरी ‘डी’चा मजकूर जागच्या जागी होता आणि जाणकारांना तो परत मिळवता आला. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांचा ‘डी’वर विश्वास बसला तर त्यांना दोष देता येणार नाही.

पण त्यानंतर सगळंच बदललं. १९९६च्या सुधारित विंडोज ९५बरोबर फॅट-३२ आली आणि २ जीबीची मर्यादा गेली. २००१मध्ये विंडोज एक्सपीबरोबर एनटीएफएस घराघरांत पोहोचली. ती १६ टीबीपर्यंतच्या भागालाही आपणहून ४ केबीचाच ठोकळा वापरते, आणि फाइल सिस्टिममधल्या बदलांची आधी नोंद ठेवून मग बदल करते, त्यामुळे लाइट गेल्यावर होणारी पडझड पुष्कळ कमी झाली. भाग पाडण्याची तांत्रिक कारणं तिथेच संपली. सल्ला मात्र तसाच पुढे चालत राहिला.

आता त्याच्या बाजूने आज जे सांगितलं जातं ते एकेक करून पाहायला हवं. पहिला दावा डिस्क खराब होण्याबद्दलचा. पार्टिशनची तुलना नेहमी घराच्या खोल्यांशी केली जाते, की एका खोलीत काही बिघडलं तर दुसरी शाबूत राहते. तुलना मान्य केली, तरी पायाचा विचार करावा लागतो. हार्ड डिस्कला मोटर एक, सर्किट बोर्ड एक आणि सगळी हेड एकाच दांडीवर. यातलं काहीही गेलं की ‘सी’, ‘डी’, ‘ई’ एका क्षणी जातात, कारण सगळ्या खोल्या त्याच पायावर उभ्या आहेत. २००८-०९मध्ये सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्क सुरू होतानाच अडकून पडू लागल्या. दोष फर्मवेअरमध्ये होता. तबकड्यांवरचा मजकूर धड होता, पण डिस्कच उत्तर देत नव्हती. जानेवारी २००९मध्ये कंपनीने दोष मान्य करून नवं फर्मवेअर दिलं. अशा डिस्कचे चार भाग केले होते की एकच, याने मालकाला काडीचाही फरक पडला नाही.

अशा घटना विरळा आहेत असंही नाही. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कांच्या बिघाडाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. तिच्याकडे २०२२मध्ये बिघाडाचं वार्षिक प्रमाण १.३७ टक्के होतं, २०२३मध्ये १.७. हे आकडे थंड ठेवलेल्या खोलीत, अखंड विजेवर, कुणी न हलवता चालणाऱ्या डिस्कांचे आहेत. टेबलाखाली धुळीत बसलेल्या, व्होल्टेजचे हेलकावे सोसणाऱ्या डिस्कला किंवा रोज पाठीवरच्या पिशवीतून लोकलने जाणाऱ्या लॅपटॉपला यापेक्षा जास्त आयुष्य मिळेल, असं मानायला काही आधार नाही.

एसएसडीत तर ‘डी’ नावाची वेगळी जागाच नसते. मजकूर नेमका कोणत्या चिपच्या कोणत्या कप्प्यात लिहायचा, ते एसएसडीतला कंट्रोलर ठरवतो, आणि सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून तो मजकूर सतत हलवत राहतो. विंडोजला जे ‘सी’ आणि ‘डी’ दिसतात ते फक्त पत्त्यांचे आकडे. प्रत्यक्षात विंडोजची एखादी फाइल आणि लग्नाचा एखादा फोटो शेजारीशेजारी पडलेले असू शकतात. कंट्रोलर गेला की दोन्ही एकदम जातात. ‘सी’वर सतत लिहिणं-पुसणं चालतं म्हणून ‘सी’ झिजतं आणि ‘डी’ ताजं राहतं, ही समजूतही यामुळे निकालात निघते.

दुसरा दावा व्हायरसचा. सीआयएचच्या काळात तो थोडाफार खरा होता. आज घरगुती कॉम्प्युटरला खरी भीती आहे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरची, आणि रॅन्समवेअरला हव्या असतात फोटो, वर्डच्या फाइली, एक्सेलचे तक्ते. १२ मे २०१७ला पसरलेला वॉनाक्राय कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जाऊन अशा फाइली शोधून कुलूपबंद करत होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला. त्याने डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला बूट प्रोग्रामच बदलला. त्याच्या तडाख्यात जहाजवाहतुकीतला मर्स्क समूह सापडला आणि त्या समूहाकडे असलेल्या, आपल्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या टर्मिनलचं काम अडलं. घरांत हे संकट बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर येतं. फुकटातलं फोटोशॉप टाकायला जावं आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक फोटोच्या नावापुढे अनोळखी शेपूट दिसावं, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. फाइल ‘डी’मध्ये आहे हे पाहून कोणताही रॅन्समवेअर मागे फिरत नाही. उलट नेमक्या हव्या त्या फाइली त्याला तिथे एकगठ्ठा मिळतात.

तिसरा दावा सर्वांत वजनदार आहे आणि तो मनापासून केला जातो. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की ‘सी’ फॉरमॅट मारायचं, ‘डी’ला हात लावायचा नाही. काम झटपट होतं, दुरुस्ती करणाऱ्याचा वेळ वाचतो, ग्राहकाचे पैसे वाचतात.

पण माणसं फाइली ठेवतात कुठे? डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, डाउनलोड्समध्ये. हे तिन्ही फोल्डर मुळात ‘सी’वरच असतात. क्रोमचे बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड ‘सी’मधल्या लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात असतात. आउटलुकची मेलची फाइल ‘सी’त असते. घरून चार दुकानांचे हिशेब लिहिणाऱ्यांचा टॅली प्राइमचा डेटा, जागा मुद्दाम बदलली नसेल तर, ‘सी’मधल्या पब्लिक फोल्डरात असतो. म्हणजे ‘सी बिनधास्त उडवा’ असं म्हणून जे उडवलं जातं, त्यात वर्षभराचे हिशेब असू शकतात. ‘डी’मध्ये असतात ती जुनी गाणी, सिनेमे आणि सॉफ्टवेअरचे सेटअप. त्यांतलं बहुतेक सगळं पुन्हा मिळवता येतं.

आणि ‘डी’ला हात लावायचा नाही म्हटलं, तरी तो लागतो. विंडोज टाकताना जागा निवडायचा जो पडदा येतो, तो एकदा नीट पाहण्यासारखा आहे. तिथे ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरं नसतात. ‘ड्राइव्ह ० पार्टिशन १’, ‘पार्टिशन २’, ‘पार्टिशन ३’ अशा ओळी असतात आणि पुढे एकूण आकार व मोकळी जागा. पहिल्या एक-दोन ओळी विंडोजच्या स्वतःच्या छोट्या भागांच्या असतात, शेवटी एखादी रिकव्हरीची. ज्याने २५६ जीबीचे सारखे दोन भाग केले असतील, त्याच्यासमोर ११९ जीबीच्या दोन ओळी एकाखाली एक येतात. रात्री नऊ वाजता, तिसऱ्या घरची दुरुस्ती उरकताना, चुकीच्या ओळीवर डिलीट दाबायला किती वेळ लागेल? जुन्या हार्ड डिस्कवर अशी चूक झाली, तर टेस्टडिस्कसारख्या मोफत प्रोग्रामने पुसलेलं पार्टिशन अनेकदा परत आणता येतं. एसएसडीवर फॉरमॅट झालं, तर विंडोज ती जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला लगेच कळवते आणि एसएसडी ती आतून साफ करून टाकते. डेटा रिकव्हरीवाल्याकडेही मग बहुतेक वेळा इलाज उरत नाही.

मुळात विंडोज पुन्हा टाकायला आज ‘सी’ पुसावंच लागत नाही. विंडोज ८पासून, म्हणजे २०१२पासून, आपल्या फाइली ठेवून कॉम्प्युटर मूळपदावर आणायची सोय आहे. सेटअपमधून नव्याने विंडोज टाकताना भाग फॉरमॅट केला नाही, तर जुना सगळा पसारा ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात जाऊन बसतो आणि तिथून फाइली काढून घेता येतात. तो फोल्डर विंडोज काही दिवसांनी आपणहून साफ करते, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. ज्या अडचणीसाठी ‘डी’ जन्माला आला, ती अडचणच २०१२मध्ये सुटली आहे.

उलट ‘डी’मुळे नवी अडचण उभी राहिली आहे. २०२४च्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून नव्याने विंडोज टाकली की बहुसंख्य कॉम्प्युटरांवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, आणि ते ‘सी’पुरतं थांबत नाही, आतल्या इतर भागांनाही लागू होतं. पुढे कधी ‘सी’ पुसून विंडोज टाकली, की ‘डी’ ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ते खातं दुकानदाराने स्वतःच्या सोयीने काढून दिलं असेल आणि त्याचा पासवर्ड कुणाच्याच लक्षात नसेल, तर ‘डी’ डोळ्यांसमोर असूनही कायमचं हातचं गेलं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी नव्या विंडोजची तयारी सुरू झाली. त्यामुळे हा धोका आजचा आहे.

फोल्डर ‘डी’वर हलवण्याचा सल्लाही एकदा तपासून पाहावा. २ ऑक्टोबर २०१८ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती दिली आणि काही दिवसांतच ती थांबवावी लागली, कारण काहींच्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडे वळवले होते, पण आधीच्या फाइली जुन्याच जागी राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर त्या अपडेटने रिकामा समजून पुसून टाकला. चूक मायक्रोसॉफ्टची होती आणि ती दुरुस्तही झाली. फटका मात्र नेहमीची मांडणी न बदलणाऱ्यांना बसला नाही, ती बदलणाऱ्यांना बसला.

आता रोजच्या त्रासाबद्दल. २५६ जीबीच्या एसएसडीला विंडोज २३८ जीबी दाखवते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. त्यातले १०० ‘सी’ला आणि उरलेले ‘डी’ला, ही वाटणी दुकानात हमखास होते. वर्षभरात विंडोजचे अपडेट, ऑफिस, दोन ब्राउझर आणि मुलांचे क्लासचे प्रोग्राम यांनी ‘सी’ भरत जातं आणि एक दिवस त्याची पट्टी लाल होते. ‘डी’त शंभर जीबी मोकळे पडलेले असतात आणि अपडेट मात्र जागेअभावी अडतो. मग काय काढू आणि काय ठेवू हा घोर सुरू होतो. भाग पाडताना पुढच्या पाच वर्षांत कशाला किती जागा लागेल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि तो कुणालाच बांधता येत नाही.

वाटणी बदलायची म्हटली तर ती सहजी बदलत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की खाली निळ्या पट्टीचे चौकोन दिसतात, डावीकडे ‘सी’ आणि उजवीकडे ‘डी’. ‘डी’वर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ करून ५० जीबी मोकळे केले, की काळ्या पट्टीचा एक नवा चौकोन उमटतो, पण तो ‘डी’च्या उजवीकडे. ‘सी’वर राइट क्लिक करावं तर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट पडलेलं, दाबताच येत नाही. ‘सी’ला फक्त लगेच उजवीकडची मोकळी जागा घेता येते आणि तिथे ‘डी’ बसलेलं असतं. बाहेरचे प्रोग्राम हे करून देतात, पण त्यासाठी ‘डी’मधला सगळा मजकूर ५० जीबी पुढे सरकवावा लागतो. हे काम काही तास चालू शकतं आणि मध्ये लाइट गेली तर ‘डी’ ना इकडचं राहतं ना तिकडचं. सुरक्षिततेसाठी केलेल्या वाटणीपायी सगळा मजकूर असा टांगणीला लागतो.

ठरावीक आकाराच्या पार्टिशनने खुद्द मायक्रोसॉफ्टलाही अडचणीत आणलं. विंडोज अडली तर ती दुरुस्त करण्यासाठीचा छोटा प्रोग्राम एका वेगळ्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये ठेवलेला असतो. ९ जानेवारी २०२४ला विंडोज १०साठी एक सुरक्षा अपडेट आला, केबी ५०३४४४१. तो असंख्य कॉम्प्युटरांवर बसेना, कारण काही वर्षांपूर्वी आखलेल्या त्या पार्टिशनमध्ये पुरेशी जागाच नव्हती. मायक्रोसॉफ्टने यावर उपाय सांगितला तो असा: कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘सी’ २५० एमबीने लहान करा, रिकव्हरी पार्टिशन पुसा आणि मोठं करून पुन्हा बनवा. हे सगळं सामान्य माणसाने स्वतःच्या घरी करायचं. ‘सी’च्या शेजारची जागा किती लागेल हे विंडोज बनवणाऱ्यांनाच नीट ओळखता आलं नसेल, तर गल्लीतल्या दुकानदाराने ते अचूक ओळखावं ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

बाकीचं जग या अनुभवातून शिकलं आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲपची जागा वेगळी आणि फोटोंची वेगळी असे. दुसरीकडे जीबीच्या जीबी रिकामे असताना ‘जागा नाही’ हा संदेश ज्यांनी पाहिला, त्यांना ते दुखणं आठवेल. २०११पासून अँड्रॉइडने दोन्हींना एकच सामाईक जागा द्यायला सुरुवात केली. ॲपलने २०१७मध्ये एपीएफएस आणली, तिच्यात व्हॉल्यूम अनेक असले तरी मोकळी जागा सगळ्यांची एकच. २०१९च्या मॅकओएस कॅटलिनात सिस्टिम आणि माणसाच्या फाइली वेगळ्या व्हॉल्यूमांत गेल्या, पण जागा दोघांना मिळूनच वापरायची. लिनक्सच्या जगात होम फोल्डरला वेगळं पार्टिशन देण्याची जुनी प्रथा होती. फेडोराने ऑक्टोबर २०२०च्या ३३व्या आवृत्तीत डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस स्वीकारली, आणि एक भाग भरलेला व दुसरा मोकळा ही तक्रार मिटवणं हे त्यामागचं एक कारण होतं. सिस्टिम आणि फाइली वेगळ्या ठेवण्याचा विचार या सगळ्यांनी सोडला नाही. जागा आधीच कापून ठेवण्याचा हट्ट मात्र सगळ्यांनी सोडला.

वेगाचा मुद्दा लवकर संपतो. फिरत्या डिस्कवर बाहेरच्या कडेचा भाग जास्त वेगाने वाचला जातो आणि पहिलं पार्टिशन तिथे येतं, हे खरं आहे. एसएसडीत काहीच फिरत नाही. उलट एकाच भागात फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेली की फक्त नोंद बदलते, ते काम क्षणात होतं. ‘सी’तून ‘डी’त नेताना तोच मजकूर नव्याने लिहून मग जुना पुसावा लागतो. लग्नाच्या व्हिडिओची ४० जीबीची फाइल हलवून पाहिली की फरक लगेच कळतो.

काही ठिकाणी भाग पाडणं योग्यच आहे. विंडोजबरोबर लिनक्स ठेवायचं असेल तर वेगळं पार्टिशन लागतं. कॉम्प्युटर सुरू करणारं ईएफआय पार्टिशन आवश्यकच असतं, त्याला हात लावू नये. ज्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन वेगळ्या वस्तू आहेत, तिथे ‘सी’ एकीवर आणि ‘डी’ दुसरीवर असणं उत्तम. तिथे एक गेली तर दुसरी खरोखर राहते, पण ‘डी’वरच्या फाइलींनाही दुसरी प्रत लागतेच. वर्गीकरणासाठी मात्र पार्टिशन नको. त्यासाठी फोल्डर आहेत, हवे तितके करता येतात आणि त्यांना आकार आधी ठरवून द्यावा लागत नाही.

सुरक्षिततेसाठी जे करायला हवं त्याचं सूत्र छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी मांडलं आणि जगभर ते तीन-दोन-एक या नावाने ओळखलं जातं. प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची आणि एक प्रत घराबाहेर. घरगुती माणसाने याची सुरुवात एका बाहेरच्या हार्ड डिस्कने करावी. विंडोजमधली फाइल हिस्टरी तिच्यावर फाइलींच्या प्रती घेत राहते. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवावी, कारण सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही तितकीच जवळ असते. फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रं गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हसारख्या ठिकाणी असावीत, किंवा दुसरी डिस्क गावाकडे भावाच्या घरी ठेवावी. दुरुस्ती करणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती आहे. फॉरमॅटआधी डेटा बाहेरच्या डिस्कवर घेण्याचे वेगळे पैसे लावा, बिलात तशी ओळ लिहा. ग्राहकाला त्या ओळीची किंमत आज कळली नाही तरी ती मागणं रास्त आहे.

आणि ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये ‘सी-डी-ई’ आधीच आहेत, त्यांनी हे वाचून लगेच भाग जोडायला बसू नये. आधी ‘डी’ आणि ‘ई’मधलं सगळं, आणि डेस्कटॉप व डॉक्युमेंट्ससुद्धा, बाहेरच्या डिस्कवर घ्यावं. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून थोडे फोटो, एखादी एक्सेलची फाइल आणि टॅलीची कंपनी प्रत्यक्ष उघडून पाहावी. एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. मगच ‘डी’ पुसून ‘सी’ वाढवावं. ‘सी’ आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येत असेल, तर तिथेच थांबावं आणि ‘डी’ आहे तसं वापरत राहावं. बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतलेली असली, की मग ‘सी’ लहान आहे एवढीच गैरसोय उरते. ‘बॅकअप’ असं नाव दिलेल्या त्या ‘ई’चं नाव मात्र आजच बदलावं, म्हणजे घरातल्या इतरांचीही त्या नावाने फसगत होणार नाही.